काका, कसं वाजतंय?

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की माझी बायको सुमन मला तोंड उघडू देत नाही. "हे लोकांच्या नव्या गाड्या जुन्या करून देतात," असं सांगून ती चहा टाकायला निघून जाते. पाहुण्यांना वाटतं, माणूस एकतर ड्रायव्हिंग स्कूल चालवतो किंवा गाड्यांचे मीटर फिरवतो. मग मला दोन्ही हात हातभर अंतरावर धरून गाडी केवढी ते दाखवावं लागतं आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचा उरलासुरला आदरही निघून जातो.

"म्हणजे खेळण्यातली?"

हो, खेळण्यातली. फक्त हे खेळणं नजर चुकवून जाईल इतक्या वेगाने पळतं, उताराला लागलं तर माणसाच्या कमरेएवढी उडी मारतं आणि घोट्यावर आदळलं तर महिनाभर लंगडायला लावतं. हातात रिमोट घेऊन मोठमोठी माणसं, नोकरदार, डॉक्टर, बागाईतदार, रविवारी मैदानावर उभी राहतात आणि आपल्या गाडीने वळण नीट घेतलं नाही की बायकोसमोर कधी काढले नसतील असे शब्द काढतात. अशा गाड्यांची इंजिनं आणि मोटरी "बसवून" देणं हे माझं काम. बसवून म्हणजे गाडीत फिट करून नव्हे, तर चालवून चालवून आतले भाग एकमेकांच्या अंगवळणी पाडून. जुन्या लोकांना आठवत असेल, नवी स्कूटर घेतली की पहिली सर्व्हिस होईपर्यंत चाळीसच्या पुढे न्यायची नाही, अशी ताकीद असायची. तेच, पण लिंबाएवढ्या इंजिनावर.

हे लिंबाएवढं इंजिन ज्याने पहिल्यांदा बनवलं त्या माणसाचे पाय धरावेत असं मला अजून वाटतं. आत पितळेची एक नळी, तिला आतून क्रोमचा मुलामा, आणि ती वरच्या टोकाला केसभर निमुळती. त्यात ॲल्युमिनियमचं पिस्टन. थंड असताना पिस्टन वर गेलं की तिथे अडकतं. हाताने इंजिनाचं चाक फिरवून बघा, वरच्या टोकाला करकचून धरतं. नवख्या माणसाला वाटतं, इंजिन जाम आहे. ते जाम नाही, तीच त्याची ताकद. इंजिन तापलं की पितळ फुगतं, नळी सरळ होते आणि पिस्टन मोकळं पळतं, मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्याही पुढे. पिस्टनला कडं नाही, रिंग नाही, काही नाही. सगळी मदार त्या केसभर घट्टपणावर. तो घट्टपणा एकदा गेला की इंजिन पेपरवेट म्हणून टेबलावर ठेवायचं.

म्हणून नवं इंजिन थंड असताना चालवायचं नाही. मी सुमनचं केस वाळवायचं मशीन आणून आधी इंजिनाला गरम वारा देतो. तिने त्यानंतर स्वतःसाठी दुसरं घेतलं, कारण पहिल्याला एरंडेलाचा वास लागला. या गाड्यांच्या इंधनात एरंडेल असतं. लहानपणी आईने नाक दाबून पाजलेलं एरंडेल ज्याला आठवतं, त्याला माझ्या शेडमध्ये पाऊल टाकताच पोटात कसंसंच होतं. तर इंजिन गरम करायचं, सुरू करायचं, इंधन भरपूर पाजायचं, पाचेक मिनिटं चालवायचं आणि बंद करायचं. बंद केल्यावर चाक हाताने फिरवून पिस्टन खाली आणून ठेवायचं. वर राहिलं तर नळी थंड होताना त्याला आवळते आणि दोघांचंही नुकसान होतं. मग पूर्ण गार पडू द्यायचं. असं इंधनाच्या सहा ते आठ टाक्या. प्रत्येक टाकीनंतर इंधनाचा स्क्रू थोडा आवळायचा. किती, तर घड्याळाच्या काट्याच्या एका तासाएवढा. आम्ही त्याला तासच म्हणतो.

विजेच्या मोटरींचं काम त्या मानाने शांत. जुन्या पद्धतीच्या मोटरीत कार्बनचे दोन ठोकळे असतात. ते सपाट आणि ज्याच्यावर घासायचे ते गोल. कमी व्होल्टेजवर तासभर फिरवलं की ठोकळ्यांना गोलाई येते. काही लोक हे काम मोटर पाण्यात बुडवून करतात, तेही बरोबर आहे, लवकर होतं. कळवणच्या एका शिक्षकाने हे मोबाइलवर बघितलं आणि घरातल्या तांब्याच्या लोट्यात मोटर सोडली. थोड्या वेळात मला फोन. "काका, पानी काळं व्हई गयं! मोटर मरी गयी का?" म्हटलं, मोटर ठणठणीत आहे, पाणी काळं व्हायलाच पाहिजे, कार्बन सुटतो. पण त्यांचा खरा प्रश्न पुढे होता. तो लोटा त्यांच्या आईचा पूजेचा होता. त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता. पुढे त्यांनी मला कळवणहून गावठी तांदळाची पिशवी पाठवली, तेव्हा आईने माफ केलं असावं असं धरून चाललो.

पण माझं नाव होतं ते कानाबद्दल. सातपूरच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं इंजिन टेस्टिंगला होतो. नवं इंजिन बेंचवर चढवायचं, चालवायचं, ऐकायचं आणि पास-नापास सांगायचं. यंत्रं होती, मीटर होते, तरी साहेब लोक विचारायचे, "दिनकर, कसं वाजतंय?" कंपनी कानात घालायला बोळे द्यायची. ते माझ्या खिशात असायचे. बोळे घालून इंजिन ऐकू कसं येणार, असा माझा सवाल होता आणि त्यावर सगळे हसायचे. मीही हसायचो.

निवृत्तीनंतर विहितगावच्या घरामागे पत्र्याची शेड टाकली. शेजाऱ्यांशी अकरा ते एक अशी वेळ ठरली, कारण त्यांनाही दुपारची झोप होती. हळूहळू लोक कुठून कुठून इंजिनं पाठवायला लागले. काही जण तर फोन करायचे आणि चालू इंजिनाजवळ फोन धरून ओरडायचे, "काका, कसं वाजतंय?" मी इथून सांगायचो, "एक तास मोकळं कर." ते करायचे आणि इंजिन सुधारायचं. याचा माज आला नव्हता असं म्हणालो तर खोटं बोललो असं होईल. तापमान बघायची गन माझ्याकडे होती, पिस्तुलासारखी रोखली की आकडा दाखवते. ती ड्रॉवरमध्ये पडून असायची. गिऱ्हाईक समोर असलं की त्याच्या समाधानासाठी बाहेर काढायचो.

प्रत्येक इंजिनासोबत मी एक चिठ्ठी द्यायचो. किती टाक्या चालवलं, स्क्रू कुठे ठेवला, काय जपायचं, आणि खाली सही. लोक ती चिठ्ठी डब्यात जपून ठेवायचे. गाडी विकताना ती दाखवायचे.

आता ज्या दोन माणसांमुळे हे लिहायला बसलो, त्यांच्याकडे येतो.

पहिले सुभेदार आडके. देवळाली कॅम्पात राहतात, तोफखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर पोरांना तोफा चालवायला शिकवल्या आणि त्यात कान गेले. यंत्र लावतात, पण बहुतेक वेळा ते शर्टाच्या खिशात असतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात. असा माणूस इंजिनाची गाडी पळवतो हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. ज्याला इंजिन ऐकूच येत नाही, तो स्क्रू कुठे आवळणार? ते माझ्याकडे फक्त प्लग घ्यायला यायचे, इंजिन स्वतःच बसवायचे. "बोटांनी करतो, दिनकरराव," म्हणायचे. मी मान डोलवायचो. म्हातारपणी माणसाला काहीतरी छंद असावा, असं सुमनला सांगायचो.

दुसऱ्या पिंपळगाव बसवंतच्या वैशालीताई. त्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. गाडी नवऱ्याने मुलासाठी आणली होती. मुलगा दोन दिवसांत कंटाळला, नवऱ्याने एकदा गटारात घातली आणि मग ताईंनी रिमोट हातात घेतला तो आजतागायत. बाई कडक. त्यांच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षाचा मणी मापाच्या कडीतून जातो की अडतो हे बघतात, आणि एका पेटीत दोन बारके मणी सापडले तर सगळी पेटी उलटी करून परत निवडायला लावतात. मैदानावरही तसंच. जुनी बाग मोडून मोकळ्या झालेल्या दोन बिघ्यांत त्यांनी स्वतः ट्रॅक काढून घेतला, मातीच्या उड्या, वळणं, सगळं. जानेवारीच्या पहिल्या रविवारी तिथे नाशिक, निफाड, मालेगावकडची मंडळी जमणार होती. त्यासाठी ताईंनी पुण्याच्या एका दुकानदाराकडून नवं इंजिन मागवलं आणि डिसेंबरात सरळ माझ्याकडे पाठवलं. सोबत फोन. "काका, पहिल्यांदाच स्वतःच्या रानात पळवणार आहे. गावातले सगळे बघायला येणार. घाई नको, पण कसर नको."

आमच्याकडची डिसेंबरातली सकाळ काय असते ते निफाडच्या बागाईतदाराला विचारा. इंजिन तापायलाच तयार नसतं. म्हणून मी त्याच्या डोक्याला, म्हणजे वरच्या फटींच्या भागाला, पोळ्या गुंडाळायची चांदी गुंडाळतो. थंड वारा लागत नाही, ऊब टिकते. ताईंच्या इंजिनालाही गुंडाळली. सात टाक्या अगदी मनासारख्या झाल्या. इतकं सुरेख इंजिन हातात बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. आठव्या टाकीला स्क्रू आवळून शेवटचा सूर लावायचा होता.

इंधन जास्त असलं की इंजिनाचा आवाज जाड येतो, घोगरा. स्क्रू आवळत गेलं की तो बारीक होत होत वर चढतो. बरोबर जागा आली की ओळखू येते. त्याच्या पुढे गेलं तर इंजिन उपाशी पडतं आणि जळतं. मी एक तास आवळलं आणि ऐकलं. जाड. आणखी एक तास. जाडच. आणखी एक. मला वाटलं, सकाळच्या थंडीने हट्टाला पेटलंय. सायलेन्सरमधून येणारा निळा धूर विरळ झाला होता, ते मला दिसत होतं. म्हटलं, ऊन वर आलंय, उन्हात धूर दिसत नाही. डोक्यावर थुंकीचा थेंब टाकून बघायची आमची जुनी रीत आहे, तो थेंब टाकला तर टेकण्याआधीच उडाला. म्हटलं, चांदी गुंडाळलीये, जरा जास्त तापणारच. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. कारण कान सांगत होता, जाड आहे. आणखी अर्धा तास आवळलं.

इंजिन एकदा कण्हलं आणि बंद पडलं.

मी चांदी काढली, गार पडू दिलं आणि चाक हाताने फिरवलं. पिस्टन वर गेलं आणि कुठेही न अडकता खाली आलं. पुन्हा फिरवलं. भोवऱ्यासारखं फिरत राहिलं. सकाळी याच चाकाने माझं बोट दुखवलं होतं. मी शेडच्या दाराला आतून कडी लावली आणि खुर्चीवर बसून राहिलो. सुमनने जेवायला दोनदा हाक मारली, तीही मला ऐकू आली नाही, असं ती नंतर म्हणाली.

पुढे मी जे केलं ते मला अजूनही सांगावंसं वाटत नाही. ताईंना फोन लावला आणि म्हणालो, "ताई, पीसच खराब आलाय. नळीच ढिली होती."

"तुम्ही म्हणता म्हणजे तसंच," त्या लगेच म्हणाल्या. "परत पाठवा त्याला. बघतेच मी त्याच्याकडं."

मी इंजिन डब्यात भरलं आणि चिठ्ठी लिहिली. "मूळ पीस सदोष. नळी सुरुवातीपासून ढिली." खाली सही केली. आजवर शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या असतील, त्यातली ही एक खोटी. सही मात्र रोजच्यासारखीच वळणदार आली.

आठवड्याने ताईंचा फोन आला की पुण्याहून बदली इंजिन आलंय, ते घेऊन लवकरच येते. मी बरं म्हणालो. तेव्हापासून झोप गेली. खोटं बोललो याचं होतंच, पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. हे इंजिन का जळलं ते मला कळलं नव्हतं. पुढचंही जळलं तर?

त्याच दिवसांत सुभेदार प्लग घ्यायला आले. मी तेव्हा जुनं इंजिन असलेली माझीच एक गाडी बेंचवर चढवून परत परत स्क्रू आवळून बघत होतो, कुठे चुकलो ते शोधत. ते शेजारी बसले. सवयीने त्यांनी दोन बोटं गाडीच्या पुढच्या दांडीवर टेकवली. मी एक तास आवळलं. त्यांची बोटं थबकली. आणखी आवळलं.

"बंद करा," ते म्हणाले.

"अजून जाड आहे, सुभेदार."

"दिनकरराव, बंद करा! जळतंय ते."

ज्याला तोफ ऐकू येत नाही तो मला इंजिन कसं वाजतंय ते सांगतोय, याचा मला राग आला. ड्रॉवर उघडून गन काढली, त्यांना खोटं पाडायला. सेल उतरलेले. घड्याळातले सेल काढून त्यात घातले आणि रोखली. आकडा एकशे अडतीस. शंभर-एकशे दहाच्या पुढे मी कुणाला जाऊ देत नाही. मी इंजिन बंद केलं.

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून कानाचं यंत्र काढून लावलं. ते असं क्वचित करतात. "पाखरांचा आवाज येतो का सकाळी?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"चिमण्या. कुकरची शिट्टी. मोबाइलची बारीक रिंग. माणसांचं बोलणं ठीक येतं, म्हणून कळत नाही. वरचे आवाज पहिले जातात. माझं असंच सुरू झालं होतं. तुमचं इंजिन वर चढतंय, गातंय, आणि तुम्हाला फक्त खालचा घोगरा आवाज येतोय. म्हणून तुम्ही आवळत बसलात." मग म्हणाले, "ह्यात शरम कसली? मी दोन वर्षं लपवलं. एका पोराने ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं नाही, त्याचा हात थोडक्यात वाचला. मग सांगितलं."

सुमन चहा घेऊन आली होती, ती दारातच म्हणाली, "कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी कधीपासून सांगते यांना. म्हटलं, आळशीपणा करतात."

कान तपासून घेतले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आलेख दाखवला, डावीकडे सरळ चाललेली रेघ उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. विचारलं, कामावर कानात बोळे घालत होता का? मी म्हणालो, खिशात होते.

दुसऱ्या दिवशी पिंपळगावला निघालो. सुभेदार म्हणाले, मीही येतो. बसच्या आवाजात आम्हा दोघांना बोलताही आलं नसतं.

पॅकहाऊसमध्ये हंगामाची पहिली द्राक्षं आली होती. डोक्याला पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका टेबलांभोवती उभ्या राहून कात्रीने घड साफ करत होत्या. वैशालीताई मधल्या टेबलावर, हातात मापाची कडी. मला बघून हसल्या. "काका, मीच येणार होते की! नवं इंजिन तसंच डब्यात ठेवलंय, तुमच्याशिवाय हात नाय लावला."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पीस चांगला होता, मी जाळला, आणि चिठ्ठी खोटी होती. कान गेल्याचं आणि ते सुभेदारांच्या बोटांनी ओळखल्याचंही सांगितलं. हे सगळं त्या बायकांसमोर. बाजूला बोलावून सांगायचं ठरवून गेलो होतो, पण बाजूला गेलो असतो तर बोललो नसतो.

ताईंनी कडी टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "काका, त्या माणसाला मी फोनवर काय काय बोलले, तुम्हाला माहितीये? खराब माल गळ्यात मारतोस म्हणाले. फसवतोस म्हणाले. तो एकच विचारत होता, चिठ्ठी कोणाची आहे? तुमचं नाव सांगितलं तर गप बसला. एक शब्द नाय बोलला. इंजिन बदलून दिलं."

"मी त्यांना फोन करतो आज."

"आज नाय. आत्ता." त्यांनी आपल्या फोनवर नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "सांगा."

पुण्याचा तो दुकानदार मला कधी भेटलेला नाही. मी सगळं सांगितलं, इंजिनाची भरपाई करतो म्हणालो. पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटलं, आता हेही मला ऐकू येईनासं झालं. मग तो म्हणाला, "काका, मी तो पीस उघडून बघितला होता. नळीवर तपकिरी चट्टे होते, तापून जळल्याचे. मला दिसत होतं. पण तुमची चिठ्ठी होती. मला वाटलं, माझीच नजर चुकतेय."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. मी "माफ करा" म्हणालो आणि फोन ताईंना दिला. चष्मा काढून पुसला. माझ्यासमोरच्या टेबलावरची बाई कात्री धरून तशीच थांबली होती, तिने हळूच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

ताई फोन ठेवून म्हणाल्या, "रविवारला नऊ दिवस राहिले. इंजिन कोण बसवणार?"

"मी नाही ताई. मला आता—"

"तुम्हाला नाय विचारलं." त्या सुभेदारांकडे वळल्या आणि त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हणाल्या, "सुभेदार, तुम्ही बोटांनी करता म्हणे. काकांना शिकवता का?"

सुभेदार म्हणाले, "शिकवणं हेच तर केलं आयुष्यभर."

ते नऊ दिवस माझ्या सगळ्या नोकरीत मिळाले नाहीत असे होते. सकाळी अकराला सुभेदार हजर. माझ्या कानात त्यांनी कापसाचे बोळे घातले, शब्दशः. "आधी कान बंद. तो खोटं बोलतो तोवर त्याला बोलूच द्यायचं नाही." माझी बोटं धरून गाडीच्या दांडीवर ठेवली, पूर्ण बोट नाही, फक्त नखाच्या मागची कातडी. पहिले दोन दिवस मला नुसता थरथराट लागत होता, पिठाच्या गिरणीला हात लावल्यासारखा. तिसऱ्या दिवशी त्यात दोन थर कळायला लागले. इंधन जास्त असलं की थरथरीत मधे मधे गचके येतात. आवळत गेलं की गचके विरतात आणि सगळं एकसारखं होतं. त्याच्याही पुढे गेलं की बोटाला गुदगुल्या होतात, मुंगी चालल्यासारख्या. "मुंगी आली की अर्धा तास मागे," सुभेदार म्हणाले. मी गन रोखून बघायचो. प्रत्येक वेळी आकडा त्यांच्या बोटांच्या बाजूने. तीस वर्षं मीटरसमोर उभा होतो, पण इतकं अचूक मीटर बघितलं नाही, आणि हा माणूस माझ्याकडे इतकी वर्षं प्लग घ्यायला येत होता. मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं.

ताईंच्या इंजिनाची आठवी टाकी मी लावली. कानात बोळे, बोटं दांडीवर, गन समोर, आणि धूर डोळ्यांसमोर. मुंगी आली. अर्धा तास मागे घेतलं. सुभेदारांनी आपली बोटं माझ्या बोटांशेजारी टेकवली, डोळे मिटले आणि मान हलवली. चिठ्ठीवर मी लिहिलं, "बोटाने आणि गनने तपासलं, कानाने नाही." खाली सही केली आणि सुभेदारांनाही सही करायला लावली. त्यांनी हुद्द्यासकट केली.

रविवारी त्या मोडलेल्या बागेत अख्खं गाव जमलं होतं. पॅकहाऊसच्या बायका टोप्या काढून, नटूनथटून आल्या होत्या. स्टूल सरकवणारी ती बाईही होती, तिने मला ओळख दिली. नऊ गाड्या ओळीत लागल्या आणि सुटल्या. धुळीत मला फक्त ताईंची लाल गाडी दिसत होती. ती पहिली उडी मारून सरळ उतरली, वळणावर घसरली, सावरली आणि सरळ रस्त्याला लागली. तिथे इंजिन पूर्ण ताकदीने चालतं. तिथेच कळतं, बसलंय की नाही. इतर गाड्यांचा घोगरा कल्लोळ मला ऐकू येत होता. त्याच्या वर काही होतं का, ते मला कळत नव्हतं. बोट टेकवायला गाडी हातात नव्हती.

सुभेदार माझ्या एका बाजूला, त्यांना विचारून उपयोग नव्हता. दुसऱ्या बाजूला रिमोट धरलेल्या ताई, त्यांचे डोळे गाडीवर. शर्यत सुरू असताना चालवणाऱ्याशी बोलायचं नसतं, हा नियम मीच पोराटोरांना शिकवलेला. तरी राहवलं नाही.

"ताई," मी विचारलं, "कसं वाजतंय?"

त्यांनी गाडीवरची नजर काढली नाही. पण मला नीट ऐकू जावं म्हणून मान जरा माझ्याकडे कलती केली आणि मोठ्याने म्हणाल्या, "गातंय, काका."